आधी नंबर कोणाचा?



कापसाचा हंगाम भरात आला म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही खरेदी केंद्रासमोर एक देखावा हमखास दिसतो. वणी घ्या, पांढरकवडा घ्या, नाहीतर राळेगाव, घाटंजी, आर्णी घ्या. फाटकापासून रस्त्याच्या कडेकडेने बंड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि छोट्या मालमोटारी एकामागे एक उभ्या असतात. बैल सोडून चाकाला बांधलेले, धुरकरी घोंगडे पांघरून शेकोटीशी बसलेले, आणि सगळ्यांचे डोळे काट्याकडे लागलेले.

अशाच एका रांगेत मी एकदा एका ओळखीच्या शेतकऱ्याजवळ जाऊन बसलो. विचारले, "कधी आलात, दादा?"

"काल सांजच्याला आलो जी, गुरुजी. बारावा नंबर हाय."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक ट्रॅक्टर मागून आला, रांगेच्या बाजूने पुढे गेला आणि थेट फाटकात शिरला. चालकाच्या हातात कसलीशी चिठ्ठी होती. दोघेतिघे उठले, कुरकुरले आणि पुन्हा बसले. कोणीतरी म्हणाले, "जाऊ दे ना बाप्पा, दहा मिन्टानं काय होते?"

दहा मिनिटांनी काय होते, त्याचा हिशेब आज आपल्याला मांडायचा आहे. हिशेब पाचवीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. पण त्याच्या पोटात जे दडले आहे, ते ओळखायला मोठमोठ्या गणितज्ञांनाही विसाव्या शतकापर्यंत यावे लागले.

समजा, रांगेत बारा गाड्या आहेत आणि काट्यावर प्रत्येकीला दहा मिनिटे लागतात. बाराव्या गाडीपुढे अकरा गाड्या, म्हणून तिला ११० मिनिटे थांबावे लागेल. आता तिला उचलून पहिल्या जागी नेली. तिची ११० मिनिटे वाचली. बाकीच्या अकरा गाड्या एकेक जागा मागे सरल्या, म्हणजे प्रत्येकीची दहा मिनिटे गेली. अकरा दाहे एकशेदहा. एकाची ११० मिनिटे वाचली आणि अकरा जणांची मिळून ११० गेली. एक मिनिटही नवे निर्माण झाले नाही. थांबणे कुठे नाहीसे झाले नाही, ते एकाच्या डोक्यावरून उतरून अकरांच्या डोक्यावर वाटले गेले, इतकेच. आणि वाटले गेल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आले नाही. ज्याची ११० वाचली त्याला मोठाच लाभ झाला. ज्याची दहा गेली तो म्हणाला, जाऊ दे ना बाप्पा.

मग अग्रक्रम कोणाला देऊच नये काय? तसेही नाही. सर्वांना थांबणे सारखेच महाग पडत नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. आधारभूत किमतीने खरेदी होते तेव्हा कापसातला ओलावा पाहतात. आठ टक्क्यांपर्यंत भाव पुरा, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कापून मिळतो, आणि बाराच्या वर गेला तर माल परत. आता ताडपत्री नसलेली उघडी बंडी पौषाच्या रात्री दहिवरात उभी राहिली, तर तिच्यावरचा कापूस ओल धरतो. बंद मालमोटारीतला कापूस तितका धरत नाही. दोघांचे थांबणे घड्याळात सारखे, पण भावात सारखे नाही. तेव्हा संध्याकाळी आभाळ भरून आले असता उघड्या बंड्या आधी आत घ्या, असे कोणी ठरवले तर त्यात अर्थ आहे. चिठ्ठी कोणाची आहे यावरून ठरवले तर काय अर्थ आहे, ते तुम्हीच पाहा.

अग्रक्रमाला दुसरेही एक सबळ कारण असू शकते, ते म्हणजे काम लहान असणे. गावातल्या पिठाच्या गिरणीवर चला. तीन गिऱ्हाइके एकदमच आली. एक लग्नघरचे, त्यांच्या दळणाला ३० मिनिटे लागणार. दुसरीचे दळण १० मिनिटांचे. तिसरी पोरगी आईने पाठवलेली, तिच्या डब्याला ५ मिनिटे पुरेत. लग्नघराला आधी घेतले तर दुसरी ३० मिनिटे थांबेल, पोरगी ४० मिनिटे थांबेल, एकूण ७० मिनिटांचे थांबणे. उलट क्रमाने घ्या: पोरगी लगेच सुटली, दुसरी ५ मिनिटे थांबली, लग्नघर १५ मिनिटे थांबले. एकूण फक्त २०! गिरणी दोन्ही वेळा ४५ मिनिटांनीच बंद झाली, जात्याचा दगड जास्त फिरला नाही, तरी ७० चे २० झाले.

तुम्ही म्हणाल, आत्ताच तर सांगितले की थांबणे नाहीसे होत नाही, मग ही ५० मिनिटे गेली कुठे? शिक्षक बंधु-भगिनींनी हे गणित वर्गात अवश्य घालावे, कारण त्यात खरी गंमत आहे. ज्याचे काम जितक्या मिनिटांचे, तितक्या पटीने त्याचे थांबणे मोजा. पहिल्या क्रमात लग्नघराचे शून्य, दुसरीचे दहा गुणिले तीस म्हणजे ३००, पोरीचे पाच गुणिले चाळीस म्हणजे २००, बेरीज ५००. दुसऱ्या क्रमात पोरीचे शून्य, दुसरीचे दहा गुणिले पाच म्हणजे ५०, लग्नघराचे तीस गुणिले पंधरा म्हणजे ४५०. बेरीज पुन्हा ५००. क्रम कसाही लावा, पाचशेचे पाचशेच राहतात. माणसे मोजली तर फायदा दिसतो, काम मोजले तर एक कणही हललेला नाही. अमेरिकेतल्या लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६५ साली असला अक्षय्यतेचा नियम रांगांसाठी मांडला. गिरणीवाल्याला तो नियम ठाऊक नसतो, पण "येवढासा डबा हाय, घेऊन टाकतो" असे म्हणून तो रोज वापरतो मात्र. फक्त लहान डबे येतच राहिले तर लग्नघराचे पोते संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहते, हा त्यातला धोका. त्याकडे आपण पुन्हा येऊच.

आता गिरणीवरून दवाखान्यात जाऊ. तिथे प्रश्न पिठाचा नसून प्राणाचा असतो. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात काय झाले ते कोणी विसरलेले नाही. कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसे गेली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रोज असे रोगी येत होते. ज्याचा श्वास अडकला आहे त्याला "तुझ्या आधी सर्दीखोकल्याचे चाळीस आहेत" असे म्हणता येत नाही. साप चावलेल्यालाही म्हणता येत नाही. इथे अग्रक्रम ही कृपा नाही, गरज आहे. नेपोलियनच्या सैन्यात दोमिनिक लारे नावाचे शल्यवैद्य होते. जखमी सैनिकांत आधी कोणाला पाहायचे, हे त्यांनी हुद्द्यावरून न ठरवता जखमेवरून ठरवले. सेनापती असो की साधा शिपाई, ज्याची जखम गंभीर तो आधी. आज जगभरच्या तातडीच्या विभागांत हीच रीत चालते.

अग्रक्रमाचे दोन प्रकार असतात, तेही इथेच सांगून टाकतो. एकात, हातातला रोगी पुरा तपासून झाला की पुढच्याला बोलावताना गंभीर रोगी आधी घेतात. दुसऱ्यात, हातातले काम टाकून धावतात. साप चावलेल्यासाठी दुसराच हवा. पण रोजच्या गर्दीत बहुतेक ठिकाणी पहिला प्रकार चालतो, आणि पुढचे आकडे त्याचेच आहेत.

आकडे नीट कान देऊन ऐका. एक डॉक्टर आहे. त्याला एका रोग्यामागे सरासरी दहा मिनिटे लागतात, कोणाला दोन तर कोणाला अर्धा तास. रोगी ठरल्या वेळी येत नाहीत, येतील तसे येतात. डॉक्टरच्या वेळेपैकी निम्माच वेळ भरेल इतके रोगी येत असतील, तर प्रत्येकाला सरासरी १० मिनिटे थांबावे लागते. शंभरातला ऐंशी भाग वेळ भरला तर ४० मिनिटे. नव्वद भाग भरला तर ९० मिनिटे. पंच्याण्णव भाग भरला तर १९० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या वर! ऐंशीवरून पंच्याण्णववर गेलो, पण थांबणे पावणेपाच पट झाले. डॉक्टर पाच टक्के वेळ मोकळा असूनही बाहेर तीन तासांची रांग का, याचे कोडे पुष्कळांना पडते. त्याचे उत्तर असे की ती मोकळी मिनिटे भलत्या वेळी येतात. पहाटे कोणी नसते आणि दहा वाजता झुंबड उडते. गेलेले मोकळे मिनिट दहा वाजता वापरायला मिळत नाही. हे गणित प्रथम बसवले ते डेन्मार्कच्या एर्लांग या गृहस्थांनी, १९०९ साली, कोपनहेगनच्या टेलिफोनसाठी.

आता नव्वद भाग भरलेला दवाखाना घ्या. दर शंभर मिनिटांत सरासरी नऊ रोगी येतात आणि चिठ्ठीबिठ्ठी काही नसताना सगळे सरासरी ९० मिनिटे थांबतात. नऊपैकी एकाला अग्रक्रम दिला. त्या एकाचे थांबणे ९० वरून १० मिनिटांवर आले, बाकीच्या आठांचे ९० चे १०० झाले. हा सौदा कोणीही मान्य करील. आठांनी दहा-दहा मिनिटे दिली आणि एक जीव वाचला.

पण पुढे काय होते पाहा. कोणी म्हणते, आमचाही माणूस तातडीचाच आहे. एकाचे दोन होतात, दोनाचे सहा. नऊपैकी सहा जणांकडे तातडीची चिठ्ठी आली, तेव्हा त्या सहांना साडेबावीस मिनिटे थांबावे लागते आणि उरलेल्या तिघांना २२५ मिनिटे, म्हणजे पावणेचार तास. आणखी पुढे जाऊन नऊपैकी आठांना अग्रक्रम दिला तर आठांना ४५ मिनिटे, आणि जो एक बिचारा ओळखपाळख नसलेला उरला, त्याला ४५० मिनिटे. साडेसात तास! सकाळी आठला आलेला दुपारी साडेतीनला आत जाईल. प्रत्येक वेळी नऊ जणांची सरासरी काढा, ती ९० च येते. कागदावर पाहणाऱ्या साहेबाला काहीच बदललेले दिसत नाही.

अग्रक्रमाचा हा हिशेब ॲलन कॉबम यांनी १९५४ साली प्रसिद्ध केला. त्यातून जे दिसते ते असे, की ज्याला खरोखर तातडी आहे त्याचेही थांबणे १० वरून ४५ मिनिटांवर गेले. खोट्या तातडीने साध्या माणसाला बुडवले, आणि खऱ्या तातडीलाही बुडवले. फवारणीने घुसमटलेला माणूस आता सात चिठ्ठीवाल्यांबरोबर स्पर्धा करतो आहे.

जुन्या श्रोत्यांना टेलिफोनचे ट्रंक कॉल आठवत असतील. यवतमाळहून मुंबईला बोलायचे तर एक्स्चेंजमध्ये कॉल नोंदवून बसावे लागे. साधा कॉल, त्यावर दुप्पट पैशांचा अर्जंट, आणि त्याहूनही भारी दराचा लाइटनिंग, म्हणजे विजेसारखा. तारा दोनच आणि बोलणारे शेकडो. व्यापारी अर्जंट लावू लागले, मग सगळेच अर्जंट लावू लागले, आणि साधा कॉल लावणारा आपला बाकावर बसून राहिला. हा प्रश्न सुटला तो अग्रक्रमाचे आणखी वर्ग पाडून नव्हे. १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान थेट फोन लावण्याची सोय सुरू झाली, पुढे ती देशभर पसरली, तारा वाढल्या, आणि लाइटनिंग कॉल हा शब्दच विस्मरणात गेला.

याचा अर्थ काटे वाढवले, डॉक्टर वाढवले तर रांगच राहणार नाही, असे मी म्हणत नाही. पण नव्वद भागाचे ऐंशी भाग झाले तरी थांबणे ९० वरून ४० वर येते हे आपण पाहिले. एवढे काम तातडीच्या चिठ्ठ्या करू शकत नाहीत. आणि काटा वाढवता येत नसेल तर येणे तरी नीट विभागावे. महाराष्ट्रात १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि ती सुमारे तीस वर्षे चालली. त्या काळातल्या गाड्यांच्या रांगा वडीलधाऱ्यांना आठवतात. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने 'कपास किसान' नावाच्या मोबाइल ॲपवर नोंदणी करून आपला दिवस आधी घेण्याची रीत आणली. सगळे एकाच दिवशी फाटकावर लोटले नाहीत तर त्याच काट्यावर रांग लहान होते, हे गणिताला धरूनच आहे. मात्र दिवस मिळायलाच महिना लागला, तर रांग रस्त्यावरून उठून मोबाइलमध्ये जाऊन बसली असे म्हणावे लागेल. तिथे बैलांना ऊन लागत नाही, हे खरे.

साधी एक गोष्ट तर आजच करण्यासारखी आहे. फाटकाजवळ फळा लावावा आणि तासाला किती गाड्या सुटतात ते त्यावर लिहावे. तासाला सहा सुटत असतील आणि तुमच्या पुढे तीस असतील तर पाच तास. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमाचे हे घरगुती रूप आहे. पाच तास ठाऊक असले तर माणूस जेवून येतो, बैलांना पाणी पाजून आणतो. आणि पाच तासांचे सात झाले तर मधले दोन कोणी नेले, हे विचारायला त्याच्या हातात आकडा असतो.

राहता राहिला तो मागे पडलेल्याचा प्रश्न. लग्नघराचे पोते, साडेसात तास बसलेला रोगी. त्यावर उपाय असा, की थांबणे हीच कमाई धरायची. साधा माणूस दोन तास बसला की त्याचा वर्ग एक पायरी वर चढवायचा. खऱ्या तातडीच्या वर मात्र तो जायचा नाही. यात कोणावर दया नाही. त्याने जो वेळ इतरांना दिला, तो त्याच्या नावावर जमा केला, एवढेच. शिवाय रोज अग्रक्रम किती जणांना द्यायचा त्याची मर्यादा आधीच ठरवायची, म्हणजे चिठ्ठी देणाऱ्यालाही मोजून द्यावी लागते.

आपल्या कालव्यांच्या पाण्याची शेजपाळी या बाबतीत पाहण्यासारखी आहे. ज्याचे शेत मुखाशी, त्याला पाणी आपोआप आधी मिळते. दार वर केले की झाले. निसर्गानेच त्याला चिठ्ठी दिलेली असते. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचायच्या आत पाळी संपते. म्हणून नियम उलटा केला आहे: पाणी शेपटाकडून द्यायला लागायचे आणि वर वर यायचे. जो सहज आधी पोचतो त्याला नंतर, जो नेहमी उरतो त्याला आधी. पूस, अरुणावती, बेंबळा यांच्या लाभक्षेत्रातल्या श्रोत्यांनी हा नियम आपल्या चारीवर कितपत पाळला जातो, ते या रब्बीत स्वतः जाऊन पाहावे. पत्राने कळवलेत तर मला वाचायला आवडेल.

शिक्षकांसाठी आता एक खेळ सांगतो. त्याला एक फासा, शाळेची घंटा आणि पांढऱ्या-तांबड्या चिठ्ठ्या एवढेच लागते. दहा मुलांच्या हाती पांढऱ्या चिठ्ठ्या देऊन त्यांना रांगेत उभे करा. एक मूल टेबलाशी बसेल, तो काटा. प्रत्येक टोलाला एकच मूल सुटेल. दर टोलाआधी फासा टाका. पाच किंवा सहा पडले तर तांबड्या चिठ्ठीचे एक नवे मूल येईल आणि तेच आधी सुटेल. तसे झाले नाही तर पांढऱ्यातले एक सुटेल. दहाही पांढरी मुले सुटायला सुमारे पंधरा टोल लागतील. कुरकुर होईल, पण सोसवेल.

दुसऱ्या डावात फक्त एक पडला तरच तांबडे मूल येणार नाही, बाकी दोनापासून सहापर्यंत काहीही पडले तरी येईल. आता साठ टोल लागतील. दहा-बारा टोलांनी पांढऱ्या रांगेतली मुले खाली बसू लागतात, ती बसू द्या. शेवटच्या मुलाला मनात काय येते ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहून घ्या.

तिसऱ्या डावात फासा दुसऱ्या डावासारखाच ठेवा, पण एक अट घाला: सलग दोन तांबडी सुटली की तिसरे पांढरेच सुटले पाहिजे. टोल मोजा. साठाचे तीसच्या आसपास येतील. आणि त्या वेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पाहा. तिथे चारपाच तांबड्या चिठ्ठीवाली मुले उभी असतील, आणि आपल्याला किती टोल थांबायचे आहे ते प्रथमच बोटांवर मोजत असतील.